आभाळातून उतरलेली मतपेटी

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये अधूनमधून चित्रपट दाखवतात. या वेळी कुणाच्या तरी आग्रहाने एक इराणी चित्रपट लावला होता. एका बेटावर विमानातून मतपेटी टाकली जाते, मग एक बाई आणि एक शिपाई जीपमधून दिवसभर मतं गोळा करत हिंडतात. निम्मे लोक हसले, निम्मे झोपले. नंतर चहाच्या वेळी वाद पेटला. एका काकांचं म्हणणं, हा आपल्या ‘न्यूटन’वरून उचललाय, त्यांच्या नातीचं म्हणणं, नेमकं उलटं आहे. मला पडलेले प्रश्न वेगळेच. असं खरंच कुठे होतं का? महाराष्ट्रात असं काही घडलंय का? आणि जाता जाता, आम्ही काही बेटावर राहत नाही, सिंहगड रस्त्याच्या कडेला राहतो; तरी महापालिकेची नीट निवडणूक आमच्याकडे यायला एवढी वर्षं का लागली?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : आधी घरातला तंटा मिटवू. काका हरले. तुम्ही पाहिलात तो बाबक पयामी यांचा ‘सीक्रेट बॅलट’. तो २००१ सालचा, आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात पयामींना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. मुंबईच्या अमित मसुरकरचा ‘न्यूटन’ आला सप्टेंबर २०१७ मध्ये. मधे सोळा वर्षं. पण नातही पूर्ण जिंकली असं नाही. ‘न्यूटन’ ज्या दिवशी प्रदर्शित झाला त्याच दिवशी भारताकडून ऑस्करसाठी निवडला गेला, आणि ऑस्करचं नाव निघालं की आपल्याकडे चोरीचा आरोप पाठोपाठ येतोच. तेव्हा खुद्द पयामींनी ‘न्यूटन’ पाहिला आणि यात उचलेगिरी नाही, असा निर्वाळा दिला. शिवाय त्यांची स्वतःची कल्पनाही मोहसेन मखमलबाफ यांच्या एका लघुपटावरून सुचलेली. तेव्हा मूळ कुणाचं हा वाद काका-पुतण्यांच्या वाटणीसारखा लांबवायचा असेल तर लांबवा. मी इथेच थांबतो.

झोपलेल्या निम्म्या मंडळींसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. पहाटेची वेळ. समुद्रकिनाऱ्यावर दोन शिपाई आणि त्यांच्यात एकच पलंग. एक पहारा देतो तेव्हा दुसरा झोपतो. हवाई छत्रीला बांधलेली पेटी आकाशातून खाली येते. बरोबर आलेल्या हुकमात लिहिलेलं असतं की निवडणुकीचा प्रतिनिधी येईल, त्याच्याबरोबर फिरा. होडीतून उतरते ती चादोर घातलेली तरुण बाई. शिपायाला पुरुष अपेक्षित होता. इथून संध्याकाळी मतदान संपेपर्यंत दोघं एका जीपमध्ये. तिचा कायद्यावर अढळ विश्वास, त्याचा बंदुकीवर. लोक बंदूक पाहून पळतात, म्हणून ती त्याला बंदूक लांब ठेवायला सांगते. एक जण ट्रक भरून बायका घेऊन येतो आणि म्हणतो, यांच्या सगळ्यांच्या वतीने मीच मत देतो, वेळ कशाला घालवायचा? एका कबरस्तानात पुरुष जमलेले असतात, पण तिथे बाईला प्रवेश नाही, म्हणून ती बाहेर ताटकळते. सौरऊर्जेच्या केंद्रावरचा रखवालदार उमेदवारांची यादी नीट वाचतो आणि म्हणतो, मला देवाला मत द्यायचं आहे.

सगळ्यात बहारीचा प्रसंग सिग्नलचा. चहूकडे ओसाड वाळवंट, गाडी नाही की माणूस नाही, आणि मधोमध एक लाल दिवा. शिपाई जीप थांबवतो. दिवा काही बदलत नाही. बाई वैतागते, तो म्हणतो, कायदा म्हणजे कायदा. सकाळपासून त्याला कायदा शिकवणारीच आता ‘चल, कुणी नाहीये’ म्हणते. आपल्याकडे हा प्रसंग कुणी लिहिलाच नसता, कारण आपल्या प्रेक्षकाला त्यात विनोद कुठे आहे तेच कळलं नसतं. धायरी फाट्यावर तांबड्या दिव्याला एकटी गाडी थांबलेली तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

एक गंमत इथेच सांगून टाकतो. चित्रीकरण झालं ते किश बेटावर, पर्शियन आखातात. पडद्यावर ते जगाच्या टोकावरचं, विसरलं गेलेलं बेट वाटतं. प्रत्यक्षात किश ही करमुक्त बाजारपेठ. इराणी कुटुंबं तिथे खरेदीला आणि सहलीला जातात, हॉटेलं आहेत, मॉल आहेत. कॅमेरा कुठे तोंड करून उभा केला एवढाच प्रश्न. हे ध्यानात ठेवा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला उपयोगी पडेल.

आता मुख्य शंका : हे खरं असतं का? इराणमध्ये खरोखर फिरत्या मतपेट्या असतात. भटक्या टोळ्या, लांबची खेडी यांच्यासाठी त्या नेल्या जातात. तिथला मतदार चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव स्वतःच्या हाताने लिहितो. म्हणून तर चित्रपटाच्या अखेरीस शिपाई जे करतो ते शक्य होतं : तो चिठ्ठीवर त्या बाईचंच नाव लिहितो. ती म्हणते, मी उमेदवार नाही. तो म्हणतो, मी दुसऱ्या कुणाला ओळखतच नाही. मत अर्थातच बाद. त्या देशात कुणाचं नाव यादीत येणार हे आधीच बारा जणांचं पालक मंडळ ठरवतं, एवढं माहीत असलं की हा प्रसंग हसवता हसवता चांगलाच टोचतो. पयामींनाही पुढे किंमत मोजावी लागली. पुढच्या चित्रपटाची निगेटिव्ह सरकारने जप्त केली.

आपल्याकडे पद्धत उलटी. पेटी फिरत नाही, केंद्र जागेवर राहतं आणि मतदार तिथे येतो. पण मतदाराला साधारण दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये असा नियम आहे, आणि त्या नियमापायी केंद्रच कुठल्या कुठे जाऊन बसतं. गीरच्या जंगलात बाणेजला एका महंतासाठी केंद्र लागतं. अरुणाचलात मालोगामला एका बाईसाठी कर्मचारी डोंगरातून पायपीट करतात. ही उदाहरणं दर निवडणुकीत वर्तमानपत्रात छापून येतात, म्हणून फार लांबवत नाही. मला जास्त रस आहे तो तुमच्याच मतदारसंघात.

धायरी विधानसभेला खडकवासल्यात आणि लोकसभेला बारामतीत. त्याच बारामतीत भोर विधानसभा येते आणि भोरमध्ये रायरेश्वर. शिवरायांच्या शपथेची जागा म्हणून आपण शाळेत शिकलो तोच. सुमारे साडेचार हजार फुटांवरचं ते पठार. वर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जंगम मंडळींची घरं, आणि शेवटच्या टप्प्याला लोखंडी शिडी. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं तेव्हा या पठारावर सुमारे १६० मतदारांसाठी केंद्र होतं. भोरमधल्याच बुरुडमाळला तर चाळीसएक मतदारांचं केंद्र. बारामतीत त्या वेळी ३८ उमेदवार उभे होते. एका मतदान यंत्रावर सोळाच नावं मावतात, म्हणजे ‘नोटा’ धरून तीन यंत्रं, शिवाय नियंत्रण यंत्र, शिवाय व्हीव्हीपॅट. हे सगळं माणसांच्या पाठीवरून शिडीने वर. उमेदवारांपैकी निम्म्यांची नावं पठारावर कुणी ऐकलेली नसणार, पण त्यांच्यापायी एकेक यंत्र वाढलं आणि ते वाहणाऱ्याच्या पाठीला लागलं.

वर पोहोचल्यावर कर्मचारी काय करतात? हे बघण्यासारखं असतं आणि कुठल्याच चित्रपटात नीट येत नाही, ‘न्यूटन’मध्ये थोडंफार येतं. केंद्राध्यक्ष आणि तीन मतदान अधिकारी आदल्या दिवशीच मुक्कामाला. सात वाजता मतदान सुरू व्हायचं असेल तर साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे मॉक पोल. निदान पन्नास मतं टाकून बघायची, यंत्राचा आकडा आणि चिठ्ठ्या जुळतात का पाहायचं, मग सगळं पुसून शून्यावर आणायचं, हिरव्या कागदाची पट्टी लावून सील करायचं, त्यावर सह्या घ्यायच्या. पक्षांचे प्रतिनिधी नसतील तर पंधरा मिनिटं त्यांची वाट बघायची. दीडशे मतदार असोत की दीड हजार, विधी तोच. पहिला अधिकारी नाव मोठ्याने वाचतो, दुसरा बोटाला शाई लावतो आणि नोंदवहीत सही घेतो, तिसरा बटण देतो. दुपारी दीड-दोनला शंभरेक मतं होऊन गेलेली असतात. उरलेले मतदार कुठे आहेत, कोण मुंबईला गेलंय आणि कोण गुरांमागे आहे, हे एव्हाना सगळ्या केंद्राला पाठ असतं. तरी सहा वाजेपर्यंत उठायचं नाही. चित्रपटातली बाई घड्याळाकडे बघत म्हणते तेच.

आता गंमत बघा. त्या दिवशी बारामतीच्या सहा विधानसभा विभागांत सगळ्यात कमी मतदान कुठे झालं? खडकवासल्यात. जेमतेम ५१-५२ टक्के. बारामती विभागात ६९ च्या पुढे, डोंगराळ भोरमध्ये साठ. तुमच्याकडे शिडी नव्हती.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला मणिबेली. नंदुरबार जिल्ह्यातला अक्कलकुवा हा राज्याचा पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली त्यातलं पहिलं केंद्र, म्हणजे महाराष्ट्राचं मतदान केंद्र क्रमांक एक. तिथे कर्मचारी यंत्रं घेऊन बोटीने जातात. बोट लागते, कारण खाली सरदार सरोवराचं पाणी. या धरणात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडालेलं गाव ते हेच. १९९४ साली जागतिक बँकेला धरणांचं कर्ज थांबवायला सांगणारा जो जाहीरनामा जगभरातल्या संघटनांनी काढला त्याला याच गावाचं नाव दिलं गेलं. तेव्हा मणिबेलीकडे लोकशाही बोटीतून जाते याचं मला कौतुक आहे, पण ती ज्या पाण्यावरून जाते ते पाणी कुणी आणलं हेही तिथल्या मतदाराला ठाऊक आहे. मेळघाटातल्या काही गावांनी २०२४ ला मतदानावरच बहिष्कार टाकला. रस्ता नाही, पाणी नाही, वीज नाही हे कारण. कर्मचारी दिवसभर बसून राहिले. पयामींच्या बेटावरचे लोक निदान पेटीला घाबरून पळत होते. इथे लोक समोर उभे होते, शांतपणे, आणि आत जात नव्हते.

गडचिरोलीबद्दल वेगळं सांगायला नको. ‘न्यूटन’ जरी छत्तीसगडमध्ये घडतो तरी ती गोष्ट इंद्रावतीच्या अलीकडेही चालते. हेलिकॉप्टरने यंत्रं नेणं, सात ते तीन एवढीच मतदानाची वेळ, कर्मचाऱ्यांना दोन-तीन दिवस आधीच बेस कॅम्पवर हलवणं, हे सगळं तिथे नेहमीचं. ‘न्यूटन’मध्ये ७६ मतदार, आणि त्यांना उमेदवार कोण हेच माहीत नसतं. तिथली स्थानिक शिक्षिका मलको हे काम केलंय नाशिकच्या अंजली पाटीलने, आणि माझ्या मते चित्रपटात एकटी तिलाच कळतं की काय चाललंय. न्यूटन नावाच्या निवडणूक कर्मचाऱ्याला नियम कळतो, सुरक्षा दलाच्या अधिकाऱ्याला बंदूक कळते, हिला माणसं कळतात.

पेटी दारात येते हा भाग मात्र आता आपल्याकडेही खरा झालाय, आणि तोही तुमच्या गल्लीत. २०२४ पासून लोकसभेला ८५ वर्षांवरच्या आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरी बसून मत देता येतं. आधी १२-ड हा अर्ज भरायचा. मग ठरल्या दिवशी दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला असं पथक येतं. बरोबर पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा. तो जेवणाच्या टेबलावर उभा करतात, आजी त्यामागे कागदी मतपत्रिकेवर खूण करतात, एका पाकिटात दुसरं पाकीट, डिंक, सही, संपलं. आडोशाच्या आत कॅमेरा न्यायचा नाही असा दंडक. खरी अडचण दुसरीच : सून चहा घेऊन नेमकी त्याच वेळी आत येते, मुलगा ‘आई, तिसरं नाव’ म्हणायला तोंड उघडतो, आणि पथकातला शिक्षक त्याला नजरेनेच दटावतो. ट्रकमधल्या बायकांच्या वतीने मत देणारा तो इराणी गृहस्थ आपल्याला परका नाही हो. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार नोंदणीवाल्यांना उत्तरेकडच्या कितीतरी बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी कडक भूमिका घेतली आणि सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. निर्णय निर्दय होता. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या बायकांना नावं मिळाली.

त्याच पहिल्या निवडणुकीची आणखी एक आठवण सौरकेंद्रावरच्या रखवालदाराशी जुळते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि तिच्यावर चिन्ह. मोजणीच्या वेळी पेट्या उघडल्या तर काहींतून मतपत्रिकांबरोबर नाणी आणि अर्जविनंत्याही निघाल्या. लोकांनी पेटीला देवाच्या पेटीसारखंच वागवलं होतं. आज देवाला मत द्यायचं असेल तर ‘नोटा’ आहे. २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ दुसऱ्या क्रमांकावर राहिला, २७ हजारांहून अधिक मतं घेऊन. त्या सत्तावीस हजारांत कोण रागावलेलं होतं, कुणाला काय सांगितलं गेलं होतं, यावर लातुरात आजही दोन मतं मिळतील.

आता ‘महाराष्ट्रात असं काही घडलंय का’ याचं खरं उत्तर. घडलंय, आणि इराण्यांना सुचलं नसतं असं घडलंय.

पहिला प्रसंग उमराण्याचा. नाशिक जिल्ह्यातलं, देवळा तालुक्यातलं, कांद्याच्या बाजारासाठी नाव असलेलं गाव. जानेवारी २०२१ मध्ये राज्यभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. उमराण्यात सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला. बोली चढत चढत २ कोटी ५ लाखांवर थांबली. पैसे मंदिरासाठी. त्याच सुमारास नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीत ४२ लाखांची बोली, तीही मंदिरासाठी. कांद्याच्या लिलावाला सरावलेल्या गावात बोली पुकारणाऱ्याचा आवाज किती सफाईदार असेल! सगळं मोबाइलवर चित्रित झालं आणि राज्यभर फिरलं. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली. इथे मला थोडं थांबून गावाची बाजूही सांगू द्या. ‘बिनविरोध’ या गोष्टीला आपल्याकडे मोठा मान. तंटा नको, खर्च नको, भावकीत वैर नको, म्हणून गावं बिनविरोधसाठी धडपडतात आणि पुढारी अशा गावांना बक्षिसं जाहीर करतात. उमराण्याच्या लोकांना बहुधा वाटलं असेल की आपण तेच करतोय, वर मंदिरही होतंय. गुपचूप पाकिटं वाटली असती तर कुणी हटकलंही नसतं. त्यांनी चव्हाट्यावर, पावतीनिशी केलं, हाच गुन्हा. पण ज्याच्याकडे दोन कोटी नाहीत त्याच्या हातात एका मताखेरीज काहीच नसतं, आणि लिलावात पहिल्या फेरीतच ते मत बाद झालं. आयोगाने केलं ते बरोबरच केलं.

दुसरा प्रसंग मारकडवाडीचा. सोलापूर जिल्हा, माळशिरस मतदारसंघ. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत जो उमेदवार मतदारसंघात निवडून आला तो या गावात मागे पडला. गावातल्या काहींना हे पटेना. आपण मत कुणाला दिलं हे आपल्याला ठाऊक आहे, मग यंत्र वेगळं कसं दाखवतं? त्यांनी ठरवलं, आपण स्वतःच कागदावर मतदान घेऊन बघू. ३ डिसेंबर तारीख ठरली, मतपत्रिका छापल्या. प्रशासनाने जमावबंदी लावली, गावात पोलीस आले, आणि मतदान सुरू होण्याआधीच गुंडाळावं लागलं. कायद्याने पाहिलं तर निवडणूक घेण्याचा अधिकार आयोगाखेरीज कुणालाच नाही. शिवाय अशा खासगी मतदानाने यंत्राचा आकडा खरा की खोटा हे सिद्धही होत नाही, कारण दोन आठवड्यांनी शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माणूस तेच मत देईल याची खात्री काय? यंत्राबद्दलची शंका मला पटत नाही. पण चित्र डोळ्यांपुढे आणा. पयामींच्या बेटावर सरकार पेटी टाकतं, शिपाई बंदूक घेऊन लोकांच्या मागे धावतो : मत द्या, मत द्या. मारकडवाडीत लोक पेटी घेऊन उभे, आणि शिपाई म्हणतो : खबरदार मत द्याल तर.

आणि तिसरा, ज्याला प्रहसन म्हणता येत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे हे गाव बाहेर माहीत झालं. तिथे गावाचे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एक माणूस जरी अडला तरी विषय पुढच्या सभेत. बसा, बोला, समजावा, समजून घ्या. याच रीतीने चालणाऱ्या गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. अशा गावात निवडणूक न्यायची म्हणजे नेमकं काय न्यायचं? पयामींच्या चित्रपटातही एक वस्ती आहे, कुणा बागू आजीच्या सत्तेखालची. आजी पडद्यावर दिसत नाही, पण तिच्या शब्दाबाहेर कुणी नाही. प्रतिनिधी बाई तिथे हताश होते. प्रेक्षक म्हणून आपणही आजीला मागासलेली ठरवून मोकळे होतो. मेंढ्यात एखादी सभा बसून ऐकली की तसं ठरवणं अवघड जातं. अर्थात आजीच्या वस्तीत एकटी आजी बोलते आणि मेंढ्यात बायकांसकट सगळं गाव. फरक मोठा आहे. पण मोजणी न करताही लोकांचं राज्य चालतं, हे बाईच्या पेटीत कुठल्या कप्प्यात बसवायचं?

आता तुमचं धायरी. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महापालिकेत आली, त्यात धायरी. ग्रामपंचायत गेली. पण पालिकेची निवडणूक त्याच वर्षी फेब्रुवारीत होऊन गेलेली, म्हणजे वरातीमागून घोडं. २०१९ ला पोटनिवडणूक घेऊन अकरा गावांना मिळून दोन नगरसेवक दिले. लोहगाव शहराच्या एका टोकाला, धायरी दुसऱ्या टोकाला, मधे अख्खं पुणे. तुमचा नगरसेवक तुम्हाला भेटायचा तर दोघांपैकी एकाला शहर ओलांडावं लागे. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदतच संपली. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा यांत पावणेचार वर्षं गेली, कारभार प्रशासकाकडे. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. रायरेश्वरावर या काळात लोकसभेचंही यंत्र चढलं आणि विधानसभेचंही. धायरीत टँकर येत होता, कराची पावती येत होती, फक्त सभागृहात तुमच्या पाण्याबद्दल प्रश्न विचारणारा माणूस नव्हता. किशचं बेट दुर्गम दिसायला पयामींना कॅमेरा वळवावा लागला. इथे तेवढीही तसदी पडली नाही.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला एक ओळ आहे : सोसायटीतल्या बऱ्याच जणांची नावं अजून पेठेतल्या जुन्या पत्त्यावर आहेत, ती इकडे कशी आणायची? त्यासाठी नवा अर्ज करू नका. अर्ज क्रमांक ६ नव्या मतदारासाठी. पत्ता बदलायचा तर अर्ज क्रमांक ८. आयोगाच्या मतदार ॲपवर भरता येतो किंवा तुमच्या भागातल्या बीएलओकडे, म्हणजे बहुधा जवळच्या शाळेतल्या शिक्षकाकडे किंवा अंगणवाडीताईंकडे. महापालिकेची वेगळी मतदार यादी नसते. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेऊन ती प्रभागांत फोडतात. जानेवारीच्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणून निवडणूक जाहीर झाल्यावर धावाधाव करून पालिकेसाठी उपयोग नसतो. हे काम निवडणूक नसताना करायचं, आणि ‘मोठ्या सोसायट्यांमध्येच मतदान केंद्र’ ही जी सोय अलीकडे सुरू झाली आहे ती हवी असेल तर तुमच्या अध्यक्षांना सांगा, क्लब हाउसची जागा देऊ केल्याचं पत्र आधीच देऊन ठेवा. पुढचा चित्रपट लावाल तेव्हा खुर्च्या तरी तयार असतील.